कागदावरची शेवटची ओळ

शिरूर,
रविवार, ता. ९ मार्च १९७५

प्रिय खंडूदादा,

सप्रेम जय भीम.

हे पत्र चारचौघांत उघडू नकोस. भोसरीला खोलीवर एकटा असशील तेव्हा वाच, आणि रागावून अर्ध्यावर ठेवू नकोस. आई बरी आहे. मी सातवीला विज्ञान शिकवते. नेमणूक अजून तात्पुरतीच आहे. नळावर मला पाहून बायका गप्प होतात. मी चार पावलं पुढे गेले की म्हणतात, "ही त्या रॉकेल वतनाऱ्याची बहीण."

दिवाळीत, तू चालवायचास त्या पोपटरावांच्या जीपला हवेचा तो नवा फिल्टर आला, तो दिवस माझ्या मनातून जात नाही. पेट्रोल एवढं महागलेलं, त्यात पोपटरावांना दौंड स्टेशनाबाहेर एक विक्रेता भेटला. म्हणाला, इंजिनाला हवा जास्त, म्हणून ताकद जास्त, पेट्रोल कमी. पोपटरावांनी तेलाची वाटी असलेला मूळचा अवजड फिल्टर काढायला लावला आणि हा जाळीचा, धुऊन पुन्हा पुन्हा वापरायचा बसवला. सोबतचा कागद इंग्रजीत होता. तू त्यांना सांगून आलास, "आमची सिंधू बी.एस्सी. हाय. ती सांगंल ते पक्कं." मी चुलीपुढे बसून तो वाचून दाखवला, तेव्हा आई भाकरी थापायची थांबली होती.

शेवटची ओळ मी गाळली, दादा. प्रत्येक धुण्यानंतर जाळीला कंपनीचं तेल लावा, कोरडी जाळी धूळ अडवत नाही, असं तिथे छापलं होतं. मला वाटलं, ही तेलाचे डबे खपवायची युक्ती. लोकांना फसवायचे धंदे आपल्याला लगेच ओळखू येतात, हा माझा ताठा. मी तुला एवढंच म्हणाले, साबणाने धू, वाळव, बसव. आणि तू दर रविवारी घोडनदीवर नेऊन ती जाळी ताटासारखी लख्ख करत राहिलास.

माघात जीप निळा धूर ओकायला लागली. न्हावऱ्याच्या रस्त्याला जरा चढ लागला की दम टाकायची. पोपटराव लोकांदेखत म्हणाले, "पेट्रोल इकून रॉकेल वतलं ह्यानं." तू किल्ली त्यांच्या ओसरीवर ठेवलीस आणि भोसरीची वाट धरलीस. मला तुझाच राग आला. वाटलं, खरंच ओतलं असेल. तसं वाटलं होतं, दादा.

परवा मी दौंडला हौशीराम मिस्त्रींकडे गेले. जीप दुरुस्त होऊन उभी होती आणि तीच जाळी परत बसवायचा पोपटरावांचा हुकूम होता. मिस्त्रींनी जुने पिस्टन पुढे टाकले. "पॉलिश पेपरनं घासल्यागत झाल्यात बघा, बाई. ह्ये रॉकेलचं काम न्हाई. धूळ खाल्लीय इंजिनानं." मी त्यांना गळ घातली. फिल्टरमधून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीला आतून, धूळ धरायला, ग्रीस लावायचं, पेट्रोल बाटलीने मोजून घालायचं आणि कच्च्या रस्त्याने पाच मैल जाऊन यायचं. अशा तीन फेऱ्या केल्या. कोरड्या जाळीने ग्रीस मातकट झालं, बोटाला कच लागली. तेल लावलेल्या जाळीने कमी, पण लागलीच. जुन्या वाटीच्या फिल्टरने ग्रीस होतं तसंच राहिलं. पेट्रोल तिन्ही वेळा जवळपास सारखंच जळलं. पुण्याच्या डांबरी रस्त्यावर त्या जाळीचा काही उपयोग असेलही. आपल्या फुफाट्यात नाही.

हात पुसता पुसता मिस्त्री म्हणाले, "खंडूला मी पौषातच बोललो हुतो, जाळीला तेल पायजे म्हनून. तवापासनं लावतबी हुता, पर येळ गेली हुती. मला म्हनला, मिस्त्री, कुनाला बोलू नका, कागद सिंधूनं वाचलेला. पोपटराव शाळंच्या कमिटीवर हायती, आन् पोरीची नेमनूक पक्की व्हायचीय."

मी त्यांच्याकडून एक जुना पिस्टन मागून घेतला.

काल पोपटरावांच्या ओसरीवर गेले. जुना पिस्टन समोर ठेवला, कागदाची शेवटची ओळ मोठ्याने वाचली, ती कोणी गाळली तेही सांगितलं. त्यांनी पिस्टन हातात फिरवून पाहिला. मग म्हणाले, "म्हंजी खंडूनं रॉकेल न्हाई वतलं." आणि लगेच, "आन् जिला एक कागद धड सांगता येत न्हाई, ती बाई पोरांना काय शिकवनार?" 

येत्या गुरुवारी माझ्या नेमणुकीसाठी शाळेची कमिटी बसते आहे. पोपटरावांनी तुलाही बोलावलं आहे. खरं काय ते तुझ्या तोंडून ऐकायचं म्हणतात. हे पत्र त्यासाठीच. मी तुला ओळखते. तू येशील आणि सांगशील, तिनं सांगितलं हुतं तेल लावायला, मीच इसरलो. आई म्हणते, तसं सांगितलं तर दोघांचंही निभावेल. दादा, मग मी रोज फळ्यापुढे उभी राहीन आणि तुझ्या बदनामीवर उभी असेन. ते नको. गुरुवारी ये, पण माझ्याकडे बघू नकोस. "सिंधूनं ओळ गाळली" हे तुझ्या तोंडून निघणार नाही, म्हणून सोबतच्या कागदावर मीच ते लिहून सही केली आहे. तो त्यांच्या हातात दे आणि गप्प राहा. गप्प राहणं तुला जमतं. या वेळी फक्त मी सांगितलेलं खोटं पाडू नकोस.

तुझीच,
सिंधू