पांढऱ्याची कात

अकोला,
३ जुलै २०२२

आदरणीय व्याही सूर्यभानजी यांस,

पुंजारामचा नमस्कार. विहीण मैनाबाईंनाही सांगावा. आम्ही दोघं बरे आहोत.

कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवरचं काम सुटल्यावर मी काय करतो, असं आपण मागं विचारलं होतं. बोंडअळीनं प्लॉट बंद पडले, तेव्हापासून मी जनावरांचे डॉक्टर रऊफ साहेबांकडे आहे. त्यांनी रीतसर कागद करून परदेशी अजगर पाळले आहेत. घाबरले की चेंडूसारखे गोळा होतात. त्यातला एक पांढराशुभ्र, डोळे निळे. मी त्याला रोज हात जोडतो. आमची माणिकबाई म्हणते, "घरच्या देवाले तं एवढं जपत नाही तुमी."

या पांढऱ्याच्या अंगावर नक्षी नसते, पण नक्षीचे गुण आत असू शकतात. पांढरा रंग सगळं झाकतो. त्यातला एखादा गुण असा, की एका बाजूनं आला तर पिल्लाला काही होत नाही. आई-बाप दोघांकडून आला तर कणा वाकडा. म्हणून जोडी लावण्याआधी कात तपासायला पाठवायची. कपाशीच्या संकरासाठी आम्हीही नर-मादी ओळी पारखूनच घ्यायचो. मला ते लगेच समजलं.

तरी चुकलो. मागच्या नागपंचमीला पांढऱ्यानं कात टाकली, डोक्यापासून शेपटापर्यंत अखंड. ती पाकिटात कोंबायला हात धजेना. मी ती घरी नेऊन देवापाशी ठेवली आणि पाकिटात त्याच्या पांढऱ्याच भावाची फाटकी कात भरली. पांढरं ते पांढरंच, असं वाटलं. दोष नाही, असा अहवाल आला. थंडीत जोडी लावली. मादी तांबूस, तो गुण तिच्या अंगावर उघड दिसणारा. गेल्या महिन्यात सात अंडी फुटली. दोन पिल्लं वाकड्या कण्याची निघाली. त्यातलं एक दुसऱ्या दिवशी गेलं.

साहेबांनी विचारलं, "पुंजारामजी, कात त्याचीच होती नं?"

"नाही साहेब." मी सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "अरे बाबा, मले म्हनाचं होतं. तपासाले नखाएवढा तुकडा लागते. बाकी सारी कात तुमच्या देवाचीच होती."

मी विचारलंच नव्हतं.

परवा जावई किशोररावांचा फोन आला, आमच्या आरतीला दिवस गेल्याचा. माणिकबाईनं गल्लीत साखर वाटली. मी वाटी हातात घेऊन बसून राहिलो.

सूर्यभानजी, सोयरिकीच्या बैठकीत आपण विचारलं होतं, आमची लहानी लीला कशानं गेली. मी कावीळ सांगितली. लीला सिकलसेलनं, रक्तातल्या पिढीजात दुखण्यानं गेली, अकराव्या वर्षी. हातपाय धरून कण्हायची. मी नुसता चोळत बसायचो. तो गुण माझ्यात आहे, माणिकबाईतही आहे, आणि आम्ही दोघं धडधाकट दिसतो. आरतीत तो एकाच बाजूनं आलेला आहे. तिच्या शाळेतल्या तपासणीचं कार्ड मी पोथीत दडवलं. तिलाही कळू दिलं नाही. आपल्याआधी दोन स्थळं लीलाचं दुखणं कळल्यावर मोडली होती.

किशोररावांत तो गुण नसेल तर बाळाला ते दुखणं होणार नाही. असेल, तर बाळ पोटात असतानाच तपासता येतं, पण ते लवकर करावं लागतं. आरतीला तिसरा महिना लागायचा आहे. आठ दिवसांच्या आत किशोररावांचं रक्त तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात होतं. त्यांचा फोन आला तेव्हाच सांगायला तोंड उघडलं होतं, आणि पावसाचं विचारून बसलो. म्हणून हा कागद.

मैनाबाईंनी मला हवं ते बोलावं. आरतीला बोलू नये. तिला मी स्वतः सांगणार आहे. शुक्रवारी सकाळच्या गाडीनं कार्ड घेऊन धामणगावला येतो. घरात घ्यायचं की नाही ते आपण ठरवा; मी ओट्यावर बसेन. पण किशोररावांना दवाखान्यात नेण्यासाठी माझी वाट पाहू नका.

लीलाचा आणि आरतीचा बाप,
पुंजाराम