उजवी पाकळी

४ जानेवारी, गुरुवार

आज सकाळी दवाखान्याचा जिना चढलो. तीच परीक्षा होती! डॉक्टर म्हणाले होते, "न थांबता दोन मजले चढा. दम लागला तर सगळं स्वरयंत्र काढावं लागेल. नाही लागला तर थोडं वाचवता येईल." मनात नाम घेत चढलो. वर पोचलो तेव्हा अमोघ खाली कठडा धरून उभा. कॅन्सर बापाला, धापा लेकाला! डॉक्टर हसून गुजरातीत म्हणाले — "पहेलां दीकरानो एक्स-रे काढीए!" म्हणजे आधी मुलाचा!

मग खुर्ची जवळ ओढून सगळं सांगितलं. गाठ मोठी आहे, पण स्वरयंत्राचा एका बाजूचा सांधा अजून हलतोय. थोडं वाचवलं तर आवाज राहील, घोगरा. पण गिळायला नव्याने शिकायचं, घास छातीत उतरायची भीती. सगळं काढलं तर जेवण सोपं. मात्र गळ्याला कायमचं भोक आणि स्वतःचा आवाज नाही. माझ्या दुखण्याला दोन्ही उपाय चालतील म्हणे. "मंगळवारपर्यंत तुम्ही ठरवा."

मी ठरवू? मी तर शर्टाचा रंगही मंदाला विचारतो.

५ जानेवारी

प्रतापनगरला वर्कशॉपात सोबत काम करणाऱ्या भास्कररावांचा सल्ला — "शंका आली की अख्खा पार्ट बदलायचा!" म्हटलं, याचा स्पेअर कुठल्या स्टोअरला मिळतो? त्यांनी आपल्या डब्यातला शिरा माझ्या डब्यात काढून घातला.

मला आवाज कशाला हवाय? इथे खरं लिहितो — गणपतीतल्या आरतीला. शेवटची ओळ आमच्या साऱ्या तरसालीत माझ्याइतकी कुणी लांबवत नाही. शेजारचे तुकोजीराव निम्म्यातच खोकतात. ही भक्ती की हाव? हाव असेल तर सगळं काढलेलंच बरं.

६ जानेवारी

मंदाच्या हातचा भात रोज जास्त मऊ होतोय.

७ जानेवारी, रविवार

शेवटी देवाला कौल लावला. गावी गुरव लावायचा. मूर्तीला दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर 'हो', डावी पडली तर 'नाही'. विचारलं — आवाज वाचवू का?

अमोघ म्हणाला, "बाबा, हे सेकंड ओपिनियन का?"

मंदा म्हणाली, "अहो, गुरव नाही, काही नाही. देवाला असं कोंडीत धरतात?"

दोघांकडे लक्ष न देता बसलो. बराच वेळ पाकळ्या ढिम्म. मग मलाच ठसका आला. दोन्ही उडाल्या! एक नैवेद्याच्या चटणीत.

देवाने 'उद्या या' म्हटलं असं धरलं.

८ जानेवारी

पुन्हा कौल. आज डोळे मिटून जप करत बसलो, खोकला आला तर तोंड फिरवायचं ठरवून. मंदा पोळ्या अर्ध्या टाकून शेजारी येऊन बसली. एवढ्यात गच्चीवर पतंगवाली पोरं ओरडली — "काप्यो छे!" दचकून डोळे उघडले. उजवी पडली होती! गळा कापायच्या ऐन तोंडावर 'काप्यो छे' — हा शकुन की अपशकुन? शकुनच. हात जोडले.

संध्याकाळी देव पुसायला घेतले. डावी पाकळी निघेना. नखाने खरवडली. खाली कणीक!

"अगं, हे काय?"

मंदा तुळशीला पाणी घालत होती. वळली नाही. "मला काय विचारता? देवाला विचारा."

मग तिकडूनच म्हणाली, "गिळायचं काय, मी शिकवीन. अमोघला नाही का शिकवलं? पण तुम्ही मुके झालात तर मी भांडू कुणाशी? भिंतीशी?"

रात्रभर वाटेल तसे विचार. हा कौल खरा की खोटा? देवाच्या मनात दुसरं काही असतं तर दुपारभरात कणीक सुटली नसती? त्याने सुटू दिली नाही. म्हणजे त्याचंही मत पडलंच की!

पण असं मत घेऊन ऑपरेशनला झोपायचं?

९ जानेवारी, मंगळवार

सही केली. थोडं वाचवायचं. आत जास्त पसरलेलं दिसलं तर सगळं काढतील, तेही कबूल केलं. डॉक्टरांनी विचारलं, "कुणी ठरवलं?" म्हटलं, मी.

मंदाला कणकेवरून एक शब्द बोललो नाही. बोलणार कुठल्या तोंडाने? उजवी पाकळी मी दाबलीच नव्हती. नुसती टेकवली होती.