छत काय म्हणतं

३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हौस म्हणून नाही, नाइलाज म्हणून पत्र लिहिते आहे. गेले पाच रविवार फोन केला. पाचही वेळा तू सगळं ठीक आहे म्हणालास आणि फोन वहिनीच्या हातात दिलास. मागच्या खेपेला मी ह्यांच्या पाठदुखीचं सांगत होते, तर तू मनापासून अभिनंदन केलंस! शाळेत पन्नास पोरं मला उत्तर देतात, सख्खा भाऊ देत नाही. माझं काही चुकलं असेल तर तसं सांग, पण असं तोडून वागू नकोस. फार लागतं रे.

लेक-जावई मजेत ना? वहिनीला नमस्कार. चार ओळी तरी खरडशील, या आशेवर थांबते.

तुझी धाकटी

११ मार्च

चि. सौ. बडबडीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा राग पोचला. चुकलं कोणाचंच नाही; आमच्याकडचे फोनच भिकार. त्यात मी दिवसभर खाणीत, जमिनीखाली चारशे मीटर. तुला अजून वाटतं की मी पहार घेऊन दगड बडवतो. अगं, सुरुंग उडाले की पहिला आत जातो तो मी. पहारीने छत ठोकायचं. आवाज खणखणीत आला तर दगड पक्का. बद्द आला तर सुटलेला, तो आधी पाडायचा. मी मान हलवली की मग बाकीचे सात जण आत येतात. त्यांत आता आपले जावईबापूही आहेत. अठ्ठावीस वर्षांत माझ्या छताखाली कोणाला खरचटलेलं नाही. कानाची तपासणी दरवर्षी होते आणि दरवर्षी मी पास होतो. तेव्हा माझ्या कानांची चिंता करू नकोस.

मेव्हण्यांच्या पाठीला शेक दे म्हणावं. माया आहे, ती असू दे.

दादा

१७ मार्च

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र दादाला दाखवू नकोस. मी त्याच्या कानांबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं आणि त्याने आपणहून अर्धं पत्र कानांवर लिहिलं. चोराच्या मनात चांदणं! मला खरं काय ते कळव. गोड बोलून टाळू नकोस.

तुझी वन्सं

२४ मार्च

सौ. वन्सं यांना,
आशीर्वाद.

तुम्ही विचारलंत, बरं झालं. मला कोणाशी तरी बोलायचंच होतं. ह्यांना ऐकू येत नाही. दोन-तीन वर्षं कमी कमी होत होतं, आता समोर उभं राहून ओरडलं तरच कळतं. पहाटेचा भोंगा सगळं गाव उठवतो, ह्यांना मी हलवून उठवते. तपासणीत पास कसे होतात विचाराल, तर आवाज सोडायच्या बटणावर कंपाउंडरचं बोट दाबलेलं दिसलं की हे हात वर करतात. वर मलाच ती युक्ती कौतुकाने सांगतात! कपाळ बडवून घ्यावंसं वाटतं.

हे छताखाली मान हलवतात आणि माझा जावई त्या मानेवर विश्वास ठेवून आत जातो. लेक सकाळी डबा देते तेव्हा मला तिच्याकडे बघवत नाही. ह्यांना बोलावं तर म्हणतात, पहार गेली की नोकरी जाईल आणि नोकरी गेली की कंपनीचं हे घर. ते खोटं नाही. इथे शिंप्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे खाणीतल्या तांब्यावर जगतात, बहिऱ्या माणसाला कोण काम देणार? इकडे आड, तिकडे विहीर. तुमचं ऐकतील तर बघा. जीव लावता, तसाच लावत राहा.

तुमची वहिनी

२९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मला सगळं कळलं आहे. वहिनीवर ओरडू नकोस, ओरडायचं तर माझ्यावर ओरड. पंधरा दिवसांत तू ऑफिसात खरं सांगितलं नाहीस, तर मी सांगेन. घर गेलं तर माझं घर आहे. जावई गेला तर लेकीला कुठून आणून देशील? मी फार चिडले आहे, आणि घाबरले आहे.

धाकटी

३० एप्रिल

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तीन दिवस धुमसत होतो. चौथ्या दिवशी छत ठोकलं, मान हलवली, बाजूला झालो आणि सहज मागे वळलो. मी ठोकलेलीच जागा जावईबापू पुन्हा ठोकत होते. चोरी पकडल्यासारखे उभे राहिले. मग त्यांनी खडूने पाटीवर लिहून दिलं, की हे सात महिने चाललं आहे आणि सगळ्यांना ठाऊक आहे. माझा मान राखायचा म्हणून कोणी बोललं नाही. मी पक्के म्हटलेले दोन दगड त्यांनी पाडले होते. एक तर त्यांच्याच डोक्यावरचा होता. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

त्याच दुपारी ऑफिसात जाऊन खरं सांगितलं. तर साहेबांनी तीन वर्षांचे कागद काढले. सगळीकडे कान उत्तम! भरपाई लाटायला सोंग करतोस, म्हणाले. ओरडून म्हणाले, म्हणून ऐकू आलं. तीन आठवडे खेटे घातले. बहिरा नाही म्हणून तीन वर्षं खोटं बोललो तेव्हा सगळ्यांना पटलं; बहिरा आहे हे खरं सांगितलं तर कोणाला पटेना. शेवटी डॉक्टरने भिंतीकडे तोंड करून बसवलं. माझा हात एकदाही वर गेला नाही. आधी फसवलं म्हणून भरपाई बुडाली. पहार जावईबापूंकडे गेली, आणि घर त्यांच्या नावावर झालं म्हणून डोक्यावर छप्पर राहिलं.

आता रोज पाळी सुटायच्या आधीच मी फाटकाशी जाऊन उभा राहतो. काल माणसांना वर आणणारा पिंजरा यायला वीस मिनिटं उशीर झाला. दोराला वंगण घालत होते, बाकी काही नव्हतं. पण तेवढा वेळ मी कठड्याला धरून उभा राहिलो. शेजारी तुझी वहिनी शांत उभी होती. तिला ह्याची सवय आहे. अठ्ठावीस वर्षं ती अशी उभी राहिली, आणि मी वर येऊन तिला विचारायचो, की घरी काही काम नाही का.

ते उभं राहणं काय असतं ते मला आता कळलं, हे तिला अजून सांगितलेलं नाही. मला जमत नाही, तूच लिही. राग ओसरला असेल तर लोभाला जागा कर.

तुझा दादा