गमीची ईद

अम्मी,

हे मराठीत लिहिते आहे. तू मराठी फाडफाड बोलायचीस, पण वाचायचीस ती फक्त उर्दू. आणि माझी उर्दू आता वाचण्यापुरती उरली आहे, लिहायला बसलं की हात अडतो. सगळी नोकरी झेडपीच्या शाळेत मराठी शिकवण्यात गेली. आपल्या घरात बोलायची ती अर्धी दखनी, अर्धी कंधारची बोली तर कागदावर उतरतच नाही. तेव्हा हे असंच घे.

तुझे जावई गेले. रमजानचे पहिले रोजे चालू होते तेव्हाच गेले, इथं लातूरला, दवाखान्यात. दुखणं किडनीचं, बऱ्याच दिवसांचं. गेल्या वर्षीपासून डॉक्टरांनी रोजे बंद केले होते आणि त्यांना दुखण्यापेक्षा त्याचंच जास्त लागलं होतं. घरी होते तोवर संध्याकाळी मशिदीचा भोंगा झाला की सगळ्यांबरोबर दस्तरखानावर येऊन बसायचे. मी ताटली पुढं केली की हात मागं घ्यायचे. म्हणायचे, "आपला रोजाच न्हाई, मग इफ्तार कशाची?" आता मी इद्दतीत आहे, चार महिने दहा दिवस. शाळेतून रजा घेतली आहे, उंबऱ्याबाहेर जाणं नाही, पुढच्या खोलीतल्या खिडकीपाशी दिवस जातो. ईद होऊन गेली. तिच्याबद्दलच तुझ्याशी बोलायचं आहे, कारण ही ईद मला दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

आपल्या घरातली ईद म्हटलं की मला आधी वास आठवतात. खारका आदल्या दिवशीच भिजलेल्या असायच्या. पहाटे तू मोठ्या पातेल्यात दूध आटवायला ठेवायचीस आणि मला खोबऱ्याचे काप करायला बसवायचीस. चारोळीची सालं काढताना मी निम्मी चारोळी तोंडात टाकायची आणि तू बघून न बघितल्यासारखं करायचीस. अब्बा न्हाऊन यायचे, डोळ्यांत सुरमा, कानात अत्तराचा फाया. फित्र्याचा गहू नमाजीच्या आधी गरिबाच्या घरी पोचलाच पाहिजे म्हणून त्यांची घाई चालायची. मग उभ्या उभ्या एक खजूर खाऊन ते ईदगाहकडे निघायचे. जायचे एका रस्त्यानं, यायचे दुसऱ्या रस्त्यानं. येताना कबरस्तानात दादा-दादींना सलाम करून यायचे. ते दारात दिसले की तू शेवया तुपातून काढून दुधात सोडायचीस. तो चर्र आवाज झाला की आमची ईद सुरू व्हायची. मग गळाभेटी, ईदी, आणि क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेल्या वाट्या घेऊन गल्लीभर माझ्या चकरा.

आणि सगळ्यांत आधी यायचे ते कंडक्टरकाका. अब्बा कंधार-नांदेड गाडी चालवायचे आणि काका त्यांच्याच गाडीवर. गाव त्यांचं जवळचंच, घरी शेती, घरात सगळे माळकरी. पण ईदेला खुर्मा खाल्ल्याशिवाय ते ड्यूटीवर जायचे नाहीत. रमजानात इफ्तारीच्या वेळेला गाडी रस्त्यात असली की काका आपण होऊन बेल मारायचे. गाडी एखाद्या लिंबाखाली उभी राहायची. "डायवर साहेबांचा रोजा हाय, पाणी पिऊ द्या," असं ते गाडीभर ओरडून सांगायचे. मी एकदा त्या गाडीत होते. मागच्या बाकावरच्या एका बाईनं पाटीतली काकडी काढून पुढं पाठवली होती, आणि ती हातोहात अब्बांपर्यंत पोचली होती.

अब्बा गेले ते रमजान मे महिन्यातलं. ऊन असं की गाडीचं स्टिअरिंग हाताला भाजायचं. तू म्हणायचीस, "एखादा रोजा सोडा की, मागून ठेवा." ते हसायचे. शेवटचे थोडे रोजे राहिले होते. त्या पहाटे सहेरी केली, फजरची नमाज पढली आणि जरा आडवे झाले. ड्यूटीची वेळ झाली म्हणून तू उठवायला गेलीस आणि तिथंच बसलीस. तू ओरडली नाहीस, हे मला अजून दिसतं. तू त्यांच्या पायांवर हात ठेवून बसलीस, जणू झोपमोड होईल म्हणून.

ईदेच्या आदल्या दिवशी, चांदरातीच्या संध्याकाळी टेलर आला. आमचे नवे कपडे होते आणि अब्बांचा पांढरा कुर्ता-पायजमाही. माप आधीच दिलेलं, कापड आधीच बेतलेलं. त्यानं तरी काय करावं? तो दारात मान खाली घालून उभा होता. तू आतूनच म्हणालीस, "सगळं ठेवून जा, भाई."

आपल्याकडे घरात मय्यत झाली की पुढची पहिली ईद गमीची. शीरखुर्मा करायचा नाही, नवं घालायचं नाही. नमाजीनंतर नातेवाईक येतात, डबे तेच आणतात, बायका गळ्यात पडून रडतात. शेजारच्या हिंदू घरांतही दुखवट्याचा पहिला सण तसाच जातो, त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटत नाही. मौलवीसाहेबांनी तुला निरोप पाठवला होता की शोक तीन दिवसांचा, इद्दत फक्त तुझी आहे, लेकरांनी ईद करायला हरकत नाही. पण मौलवीसाहेबांचं अशा बाबतीत कोण ऐकतं?

ईदेच्या सकाळी मला जाग आली ती तुपाच्या वासानं. तू पांढऱ्या साडीत चुलीपाशी बसली आहेस, शेवया भाजते आहेस. आणि दारात फुप्पी उभी आहे. अब्बांची थोरली बहीण. दादी लवकर गेली तेव्हा अब्बांना हिनंच कडेवर वागवलेलं. नांदेडहून मय्यतीला आली होती ती आपल्याकडेच राहिली होती.

"दुल्हन, हे काय करून राहिलीस?"

"शेवया, आपा."

"घरात गमी हाय न् तू शेवया भाजून राहिलीस? लोक काय म्हणतील?"

तुझा हात थांबला नाही. "होते तोवर सगळे रोजे ठेवले त्यांनी, आपा. लई उन्हात गाडी चालवून ठेवले. गेले ते पण रोजा ठेवून गेले. ईद त्यांनी कमावलेली हाय. मी कशी बंद करू?"

"माझा भाऊ गेला, दुल्हन."

"हाव. माझा पण नवरा गेला."

फुप्पीनं बुरखा घेतला, पिशवी घेतली. पाणीसुद्धा न पिता स्टँडवर जाऊन बसली आणि मिळेल त्या गाडीनं नांदेडला गेली. पुढं लग्नाकार्यात दिसायची ती सलामापुरती. आपल्या घरचं काही तिनं परत खाल्लं नाही.

ती गेल्यावर काका आले, खाकी कपड्यातच. दरवर्षीसारखे आत आले नाहीत, ओट्यावरच टेकले. तू पडद्याआडून माझ्या हाती वाटी दिलीस आणि वर तो पांढरा कुर्ता ठेवलास. "भाऊ, त्यांचं माप तुमच्याच अंगाला येतं. घाला," म्हणालीस. काकांनी खाकी शर्टावरूनच कुर्ता घातला. बाह्या आखूड झाल्या. मग वाटी हातात घेऊन ते खायला लागले. खात होते आणि रडत होते, आणि वाटी संपेपर्यंत थांबले नाहीत. नव्या फ्रॉकमध्ये मी त्यांच्यासमोर उभी होते. तो फ्रॉक मला अंगावर टोचत होता.

ही गोष्ट मी आयुष्यभर सांगत आले, अम्मी. शाळेतल्या बायकांना सांगितली, तुझ्या जावयांना लग्नानंतरच्या पहिल्या ईदेला सांगितली. माझी लेक तर तीच ऐकत मोठी झाली. माझी आई कशी होती, हे कुणी विचारलं की मी हीच सांगायची.

लेक नांदेडला दिली आहे. बापाचं दुखणं वाढलं तेव्हा इथं आली ती अजून इथंच आहे. ईद यंदा पाडव्याला लागूनच आली होती. चांदरातीला दुपारी ती माझ्यापाशी येऊन बसली.

"अम्मी, उद्याला दूध जास्तीचं सांगितलंय मी."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? ईद हाय ना."

"या घरात न्हाई."

"मग नानीची गोष्ट काय नुसती सांगायची होती?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नानीच्या नवऱ्यानं रोजे ठेवले होते."

बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. तिचा चेहरा उतरला. हळूच म्हणाली, "अब्बांना ठेवता आले न्हाईत, म्हणून त्यांची ईद न्हाई?" तो माणूस बिनरोज्याचा गेला ही सल माझीच होती, त्यांच्यापेक्षा माझी जास्त, आणि ती अशी भलत्याच वेळी बाहेर आली.

लेकीचा नवरा ईदेसाठी नांदेडहून आला होता, तो सकाळीच नमाजीला निघून गेला. मी खिडकीपाशी बसले होते. गल्लीतून पांढरे कुर्ते, नव्या टोप्या, बापाच्या बोटाला धरलेली लेकरं चालली होती. तकबीर ऐकू येत होती. आणि स्वयंपाकघरातून तुपाचा वास आला. मी जागेवरूनच ओरडले, "बंद कर ते! लोक काय म्हणतील?"

ती झारा हातात घेऊनच बाहेर आली. डोळे लाल, पण आवाज अगदी शांत.

"रोजे मी ठेवले, अम्मी. दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून ठेवले. रोज इफ्तारीला तेच विचारायचे, खाल्लं का बेटा. ईद माझी हाय. तू खाऊ नको पाहिजे तर."

ती आत गेली. मी तिथंच बसून राहिले, आणि अम्मी, मला तू आठवली नाहीस. मला फुप्पी आठवली. इतकी वर्षं मी ती गोष्ट सांगितली, त्यात फुप्पी म्हणजे नुसती दारात उभी राहून अडवणारी बाई. तिनं तो भाऊ कडेवर खेळवला होता, हे मी प्रत्येक वेळी सांगायची आणि सांगून पुढं जायची. कबरीच्या मातीला अजून ओल होती आणि तिच्या नाकात तुपाचा वास गेला. तो वास काय असतो ते मला यंदा कळलं. असं वाटतं, माणूस गेला आणि घर पुढं निघालं, आपल्याला न विचारता. तुझं बरोबर होतं, हे मी आजही म्हणेन. पण तू तिच्यामागं का गेली नाहीस? इद्दतीत होतीस, मान्य. मला तरी पाठवायचंस. स्टँड काय लांब होतं? मी तिच्याशेजारी जाऊन बसले असते, काही बोलले नसते. हे तुला कधी विचारलं नाही. तू होतीस तोवर मला तो प्रश्नच पडला नव्हता.

नमाजीनंतर माणसं आली. नात्यातल्या बायका डबे घेऊन आल्या, रडल्या. शेजारच्या वहिनी आल्या. लिंगायत आहेत, गळ्यात लिंग, घरी कडक सोवळं. दरवर्षी त्यांच्याकडे कोरड्या शेवया, साखर आणि चारोळी वेगळी बांधून जाते. यंदा मी काही बांधलंच नव्हतं. लेकीनं तेही केलं होतं. वहिनींनी पुडकं घेतलं आणि माझ्याजवळ खाली बसल्या. म्हणाल्या, "पोरगी गुणाची हाय, भाभी. रागवू नका तिला." म्हणजे माझं ओरडणं भिंतीपलीकडं गेलं होतं. कुणीही काही म्हणालं नाही, अम्मी. नातेवाइकांनी वाट्या घेतल्या, खाल्लं. एका जावेनं तोंड वाकडं केलं, पण वाटी तिनंही संपवली. माझ्यापुढं लेकीनं वाटी ठेवली नाही. रागानं नाही, मला अवघड वाटू नये म्हणून. मला सगळं दिसत होतं.

दुपारी सगळे पांगले. लेक पंख्याखाली झोपली होती, अगदी बापासारखी, एक हात डोळ्यांवर घेऊन. मी पाण्यासाठी उठले.

ती परवा नांदेडला जाईल. ती गेली की हा कागद फाडून टाकेन, तिच्या हाती लागायला नको. तिला वाटतं मी खुर्म्याला शिवलेसुद्धा नाही, आणि मी तिला तसं वाटू दिलं आहे. कारण मला बोलता आलं नाही. पातेल्यात तळाला उरला होता. जास्तच दाट झाला होता, खारका कच्च्या राहिल्या होत्या. मी ओट्यापाशी उभ्या उभ्याच पातेल्यात चमचा घातला. घशाखाली उतरणार नाही असं वाटलं होतं.

गोड लागला, अम्मी. सगळा खाल्ला.