राजेश्रीचं शिफारसपत्र

१ सप्टेंबर २०२४, रविवार. सकाळी ६.१०
आजपासून नियमित रोजनिशी. आयुष्याला वळण लागलं आहे, त्याची नोंद राहावी म्हणून. काल मोबाईलवर इंग्लंडमधल्या एका नामवंत विद्यापीठाची स्कॉलरशिप सापडली. परदेशी विद्यार्थ्यांसाठी, एक वर्षाचं मास्टर्स. फी, राहणं, जेवण, विमानाचं तिकीट, सगळं त्यांच्याकडून. विषय: पाणी आणि हवामान. मी जिंतूरच्या कॉलेजात नऊ वर्षं भूगोल शिकवतो, तोही तासिका तत्त्वावर. म्हणजे विषय माझाच. वयाची अट नाही. तीनदा वाचलं. खरंच नाही. चौतीस म्हणजे तसं वय नव्हेच.
संकल्प: पहाटे चारला उठणे. रोज दोन तास इंग्रजी. कुणालाही न सांगणे. शेवटची तारीख ३ डिसेंबर, आपल्याकडचे संध्याकाळचे साडेपाच. मी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच भरून मोकळा होणार.

२ सप्टेंबर, सोमवार
साडेसातला उठलो. शरीराला सवय लागायला एकवीस दिवस लागतात. आज पहिला.
फक्त अप्पांना सांगितलं, फोनवर. वडिलांपासून काय लपवायचं.

५ सप्टेंबर, गुरुवार
अप्पांचं राणीसावरगावात कापडाचं दुकान आहे. दुकान म्हटलं की गिऱ्हाईक आलं, आणि गिऱ्हाईक आलं की बोलणं आलं. गावातून आतापर्यंत सात फोन. एकानं विचारलं, तिकडं थंडी लय असती म्हणं. असते म्हणालो. अर्ज अजून भरायचाय, हे सांगायचं राहिलं.

१९ सप्टेंबर, गुरुवार
राजेश्री कॉलेजात आली होती. दोन वर्षांपूर्वीची माझी एमएस्सीची विद्यार्थिनी. येलदरीची, धरणावर मासे धरणारं घर. ती पण त्याच स्कॉलरशिपला अर्ज करणार आहे. दोन शिक्षकांची शिफारस लागते, त्यातली एक माझी पाहिजे म्हणाली. मी म्हणालो, स्पर्धा फार मोठी असते, निवड झाली नाही तर खचू नकोस. ती म्हणाली, न्हाई खचत सर.
अर्जासोबत एक निबंध द्यायचा असतो, 'मला पाण्याचा अभ्यास का करायचाय' यावर. तिचा लिहून झालाय. चार पानं तपासायला ठेवून गेली. "इंग्रजी कच्चं हाय माझं. लाल पेनानं करा सर, मला वाईट न्हाई वाटत."
मी पण अर्ज करतोय हे तिला सांगितलं नाही. विद्यार्थ्यांवर उगाच दडपण येतं.

६ ऑक्टोबर, रविवार
स्वतःचा निबंध सुरू. पहिलं वाक्य: वॉटर इज लाइफ. दमदार आहे. सुरुवात जमली की पुढचं आपोआप येतं. आज एवढंच पुरे.

१७ नोव्हेंबर, रविवार
वॉटर इज लाइफ.
बायको, त्रिवेणी, म्हणाली, दीड महिना झाला, एकच ओळ लिहायलाव. ती पोस्टात काम करते, तिथं नुसते शिक्के मारायचे असतात. तिला सृजन म्हणजे काय ते कसं सांगणार.
राजेश्रीचे कागद आज वाचले. स्पेलिंगच्या अकरा चुका. दुसऱ्या पानावर तिच्या आईवर एक परिच्छेद आहे. आई काठावर बसून जाळं दुरुस्त करते, आणि जाळ्याला लागलेल्या गाळाच्या रंगावरून धरणाचं पाणी किती उतरलं ते सांगते. फूट, इंच नाही, 'आज पायरीभर गेलं,' असं. राजेश्रीनं चार वर्षं वही केली. एका बाजूला आईचा शब्द, दुसऱ्या बाजूला धरणावरच्या मोजपट्टीचा आकडा. चार वर्षांत आई तीनदा चुकली.
तो परिच्छेद परत दोनदा वाचला. मग त्या अकरा चुका लाल पेनानं दुरुस्त केल्या.

३० नोव्हेंबर, शनिवार
राजेश्री कागद घेऊन गेली. एक झेरॉक्स माझ्याकडे ठेवली. शिफारसपत्र लिहिताना संदर्भ लागतो.

३ डिसेंबर, मंगळवार. दुपारी ४.४०
पन्नास मिनिटं उरली. निबंध होत आलाय. फक्त मधला भाग रिकामा आहे.

संध्याकाळी ५.४०
भरला. पाच बारा झाले होते.
एकच परिच्छेद घेतला. पुढचं-मागचं सगळं माझं. आणि भाषा तर मीच तपासलेली होती, म्हणजे निम्मी माझीच. 'माझी आई जाळं दुरुस्त करते,' असं आलंय. आमची आई, बसम्मा, रोज लिंगपूजा झाल्याशिवाय पाणी पीत नाही, आणि बाजारात माशाच्या गल्लीवरून जायचं झालं तर नाकाला पदर लावते. पण जाळं हे प्रतीक आहे.
पाच एकवीसला राजेश्रीचं शिफारसपत्र पाठवलं. चार ओळी. रेग्युलर, सिन्सियर, हार्डवर्किंग. गुड हँडरायटिंग. अजून लिहिलं असतं, वेळ कुठे होता.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार
संक्रांतीला राणीसावरगावला आलो. बसस्टँडवर फ्लेक्स. माझा फोटो, पाठीमागे विमान, खाली 'परदेशी विद्यापीठात निवडीबद्दल हार्दिक अभिनंदन'. अप्पांना म्हणालो, निवड कुठं झालीय, नुसता अर्ज केलाय. अप्पा म्हणाले, "आरं, फ्लेक्सवाला म्हणला, अर्ज केल्याबद्दल अभिनंदन कुणी करत न्हाई."
दोन-तीन महिन्यांत खरंच होणार आहे. राहू दिला.

२० जानेवारी, सोमवार
विद्यापीठाची मेल. तुमच्या निबंधातला एक परिच्छेद दुसऱ्या अर्जातल्या मजकुराशी जुळतो, ३१ जानेवारी, साडेपाचपर्यंत खुलासा करावा.
हे काम कॉम्प्युटर करतो. जगात दोन माणसांना एकच गोष्ट सुचू शकते. तांत्रिक बाब आहे.

२१ जानेवारी, मंगळवार
राजेश्री आली. तिलाही तीच मेल. फोन माझ्यासमोर टेबलावर ठेवला. "सर, कुणीतरी माझं उचललंय."
मी म्हणालो, बघ आता, कशी माणसं असतात.
हे वाक्य तोंडातून गेलं. लिहून ठेवतोय, कारण दिवसभर कानात आहे.
ती म्हणाली, माझे कागद सप्टेंबरपासून तुमच्याकडे होते, तुम्ही माझे शिफारसदार, तर हे हिचंच आहे असं एक पत्र त्यांना लिहा. नक्की लिहितो म्हणालो. ती उठली नाही. सिताराम शिपायानं चहा आणला, तिनं घेतला नाही. परत विचारलं, "तुमी लिहताल ना सर?"
अगं, म्हणजे काय, म्हणालो.

२३ जानेवारी, गुरुवार
ठरलं. खरं काय ते सगळं लिहून टाकायचं. पण अशी गोष्ट नीट मांडली पाहिजे, वाचणाऱ्याला पार्श्वभूमी कळली पाहिजे. आज तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांच्या अवस्थेवर तीन पानं झाली. परिच्छेदापर्यंत अजून आलो नाही.

२६ जानेवारी, रविवार
झेंडावंदन. इंग्लंडमध्येही रविवारी ऑफिस बंद असतं.

२८ जानेवारी, मंगळवार
त्रिवेणीनं माझा निबंध वाचला. लॅपटॉप उघडा राहिला होता. विचारलं, "ही जाळं इणणारी बाई कोण?" प्रतीक म्हणालो. ती म्हणाली, "सासूबाईंला वाचून दाखवू का?"
मग सगळं सांगावं लागलं. मला वाटलं ओरडेल. नाही ओरडली. पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "दोन ओळी लिहा. हे त्या पोरीचं हाय. मी उचललं. बस." आणि उठून स्वयंपाकाला लागली. जेवताना नेहमीसारखी वाढत होती.

३१ जानेवारी, शुक्रवार
पाचला बसलो. पाच पाचला लाइट गेली. एवढी गंभीर गोष्ट मोबाईलवरून लिहू नये.
राजेश्रीचा फोन नाही. म्हणजे तिचं काहीतरी झालं असणार.

३ फेब्रुवारी, सोमवार
पाठवलं. दोनच ओळी, त्रिवेणी शेजारी उभी होती. एकदम हलकं वाटलं. चूक कबूल करणारी माणसं जगात किती असतात? विद्यापीठाच्या हे लक्षात येईल. प्रामाणिकपणाचा वेगळा विचार होऊ शकतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार
उत्तर आलं. संबंधित विद्यार्थिनीनं २२ जानेवारीलाच आपल्या चार वर्षांच्या वहीचे फोटो पाठवले होते. २४ तारखेला तिची बाब निकाली निघाली. तुमचा खुलासा मुदतीत न आल्यानं तुमचा अर्ज ३१ जानेवारीलाच बंद केला आहे. या मेलला उत्तर देण्याची आवश्यकता नाही.
माझ्या पत्राची कुणालाच गरज नव्हती.

९ फेब्रुवारी, रविवार
येलदरीला गेलो. बसमध्ये काय बोलायचं ते पाठ केलं होतं. राजेश्री घराबाहेर जाळी वाळत टाकत होती. मी सुरुवात केली, परिस्थिती, वय, नोकरी. ती ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली, "तो कागद मी तुमालाच दिला हुता सर. दुसऱ्या कुणाला न्हाई."
म्हणजे त्या दिवशी टेबलावर फोन ठेवताना तिला माहीत होतं. मी विचारलं, मग माझ्याकडे पत्र मागायला का आलीस?
"वाटलं, तुमी लिहताल."
मग म्हणाली, जिंतूरची गाडी चारला आहे, ती चुकली तर तासभर थांबावं लागतं. तिची आई धरणावर गेली होती. बरं झालं.

२२ एप्रिल, मंगळवार
राजेश्रीची निवड झाली. पेपरात फोटो. खाली छापलंय, 'प्रा. विरेश स्वामी यांचे मार्गदर्शन लाभले'. ते प्राचार्यांनी दिलं असणार. सितारामनं कात्रण नोटीस बोर्डावर लावलं. काढणार होतो, पण बोर्ड कॉलेजचा आहे, परवानगी लागते.
वर्गात पोरं विचारत होती, सर, तुम्ही कसं गायडन्स केलं? नकाशा लावला आणि नद्या शिकवल्या.

११ मे, रविवार
राणीसावरगाव. स्टँडवरचा फ्लेक्स नाही. अप्पांनी स्वतः उतरवला, मला न विचारता. दुकानाच्या मागे कापडाच्या गठ्ठ्यांवर टाकलाय, फोटोची बाजू आत. आईनं विचारलं, आता तू जाणार न्हाईस का? अप्पा म्हणाले, त्याला भाकर वाढ.

१४ सप्टेंबर, रविवार
आज राजेश्री गेली. कॉलेजातर्फे कुणीतरी जायला हवं म्हणून परभणी स्टेशनवर मला पाठवलं. हार घेऊन गेलो. येलदरीहून वीस-पंचवीस माणसं आली होती. सगळ्यांत पुढे दगडाबाई, तिची आई. मी तिला पहिल्यांदाच बघत होतो. बारीक बाई, नवं लुगडं, हाताच्या बोटांवर दोऱ्यानं कापल्याच्या जुन्या रेषा.
राजेश्री म्हणाली, आई, हे आमचे सर. तेवढंच.
दगडाबाई म्हणाली, "तुमच्यामुळं पोरगी एवढी लांब चालली बाबा." आणि वाकून माझ्या पायावर डोकं ठेवलं. माझ्या आईच्या वयाची असेल. राजेश्री डब्याचा नंबर बघायला तोंड फिरवून उभी राहिली.
गर्दी फार होती, पाय मागे घ्यायला जागा नव्हती, असं लिहायला बसलो होतो.
जागा होती.