डोळ्यांतली सोनेरी कड

६ जानेवारी
आमच्या थोरल्या मुलाच्या, एलादियोच्या, हाताचा कंप ही व्याधी आहे, असे सान होसेच्या डॉक्टरीणबाईंनी ठरविले. यकृतात व मेंदूत तांबे साठते आहे. कारण उघड आहे: आमच्या गुऱ्हाळातील तांब्याची काहिल. संकल्प: लोखंडी काहिल बसविणे. तीस वर्षे तर्कशास्त्र शिकविले ते व्यर्थ गेले नाही.

१३ जानेवारी
बाईंस काहिलीचे कारण अमान्य. तांबे सर्वांच्याच पोटात जाते. आई व बाप दोघांकडून सदोष बीज आलेल्यालाच ते बाहेर टाकता येत नाही, म्हणे. धाकट्या निदियाची तपासणी आताच करा, लवकर कळले तर गोळ्यांनी हात व वाचा शाबूत राहतील. नकार दिला. तपासणी म्हणजे वंशदोषाची कबुली. आमचे रक्त निर्मळ आहे. दोन्ही मुलांच्या बुबुळांभोवती माझ्या आईसारखी सोनेरी कड आहे, हेही सांगितले. बाई डोळ्यांविषयीच काही बोलू लागल्या. माझे मुद्दे संपले नसल्याने थांबविले.

पत्नी हॉर्तेन्सिया परतीच्या वाटेत म्हणाली, "तुमची आजी नि माझे आजोबा सख्खी भावंडं, विसरलात का?" अप्रस्तुत.

२ फेब्रुवारी
लोखंडी काहिल बसली. गूळ काळा पडला. एलादियोने लाकडी पट्ट्यांवर काठ्यांनी वाजविलेली मारिंबा ऐकली. "पापा, असा कंप शिकायला लोकांची वर्षं जातात," म्हणाला. दोनदा विचारावे लागले, तेव्हा कळले. जीभ बाईंच्या गोळ्यांमुळे जड झाली असावी. लोखंडास अवधी द्यावा.

१९ मार्च
निदियाच्या हातून गूळपाण्याचा कप पडला. चौदाव्या वर्षी मुली वेंधळ्याच असतात. हॉर्तेन्सिया म्हणाली, "एलादियोच्याही हातून आधी कपच पडला होता." एलादियो बराच वेळ काही सांगू पाहत होता. शेवटी निदियानेच उलगडा केला: "दादा म्हणतो, हिला घेऊन जा."
मारिंबावर कापड घातले आहे. धूळ बसते म्हणून.

४ एप्रिल
बाईंचे मत खोडून काढण्याच्या हेतूनेच निदियाला नेले. त्यांनी तिच्या डोळ्यांत दिवा धरला व निदान सांगितले. ती सोनेरी कड म्हणजे साठलेले तांबे. "एलादियोच्या डोळ्यांत हीच पाहून मी रोग ओळखला होता. त्या दिवशी तेच सांगत होते, तुम्ही बोलू दिलं नाहीत." गोळ्या आजपासून सुरू. जे गेले ते परत येईलच असे नाही.

आईच्या डोळ्यांना अशी कड होती काय, हे आठवून पाहिले. आठवत नाही.

परतताना बसमध्ये निदियाने विचारले, "पापा, माझे डोळे आजीसारखेच आहेत ना?"
हो म्हटले. तिने पुरावा मागितला नाही.