चार्जिंगच्या जागेतील दगडाबाबत खुलासा

प्रति,
मा. विभाग प्रमुख,
रस्ते व वाहनतळ विभाग,
ग्रोटविक नगरपालिका, पश्चिम नॉर्वे.

विषय: बोटीच्या धक्क्यावरील चार्जिंगच्या जागेत 'अनधिकृत स्मारक' उभारल्याबद्दलच्या नोटिशीचा खुलासा व मुदतवाढीची विनंती.

संदर्भ: आपल्या विभागाची नोटीस. (ती गाडीच्या काचेवर चिकटवण्यात आली होती. वर बर्फ गोठल्याने जावक क्रमांक खरवडताना निघून गेला, त्याबद्दल दिलगिरी आहे.)

अर्जदार: सिग्नी ब्रेक्के, रा. वरची आळी, ग्रोटविक.

सन्माननीय महोदया,

उपरोक्त नोटिशीत 'सात दिवसांत स्मारक न हटविल्यास ते जप्त करण्यात येईल' असे फर्मावण्यात आले आहे. जप्तीस अर्जदाराची तत्त्वतः हरकत नाही, कारण तो दगड उचलू शकेल असा माणूस ती स्वतःच शोधत आहे. तथापि दगड तेथे कसा आला, हे आपल्या दप्तरी नोंदले जावे, यासाठी हा अर्ज.

अर्जदार ही खाडीच्या पलीकडच्या काठावरील दातांच्या दवाखान्यात मदतनीस असून तिचे पती ऐविंड भर समुद्रात तेलविहिरीच्या फलाटावर पाळीने कामास असतात. कुटुंबाकडे एक इलेक्ट्रिक एसयूव्ही आहे. गाडी सात आसनी, उंच व आमच्या ऐपतीपेक्षा किंचित वरची आहे. ती मिरवण्यासाठी घेतली, असा वरच्या आळीत समज आहे. वस्तुस्थिती अशी की, अर्जदाराच्या सासूबाई कै. बोर्गहिल यांना उपचारांसाठी डोंगरापलीकडच्या इस्पितळात वारंवार न्यावे लागे आणि जुन्या डिझेल गाडीचे हादरे त्यांना सोसवत नसत. म्हणून ही गाडी घेतली.

सासरे ओडमुंड ब्रेक्के यांनी उभी हयात याच धक्क्यावरील डिझेलच्या बोटीवर इंजिन सांभाळण्यात घालवली. गाडी प्रथम पाहिल्यावर त्यांनी, "चालू झाली की बंद पडली, एवढं तरी माणसाला कळायला पाहिजे," असा अभिप्राय दिला. सासूबाईंचे मत वेगळे पडले. त्यांनी बसल्या बसल्या आसनाची ऊब वाढवली आणि म्हणाल्या, "ओडमुंड, तुझ्याशी लग्न करून पन्नास वर्षं होत आली, पण पाठ आज पहिल्यांदा गरम झाली." गाडीत प्रत्येकाच्या बसण्याची ठेवण लक्षात ठेवण्याची सोय आहे. चालकाशेजारच्या आसनासाठी त्यांच्या नावाची ठेवण तेव्हा साठवली गेली, ती आजही तशीच आहे. तिला हात लावायचा नाही, हे घरातल्या मुलींनाही न सांगता कळलेले आहे.

सासूबाई मागल्या हिवाळ्यात वारल्या. त्यानंतर सासरे अर्जदाराकडे राहावयास आले. आमच्या घराची वायरिंग जुनी असल्याने गाडी रोज सकाळी धक्क्यावर चार्जिंगला लावावी लागते व अर्जदार तेथून पायी बोटीवर चढते. सासरे सोबत खाली येतात व सासूबाईंच्या आसनावर बसून राहतात. प्रथम ते एकटेच बसत. पुढे लोक कॉफीचे थर्मास घेऊन भेटीस येऊ लागले. नंतर वाफल व तपकिरी चीजही येऊ लागले. मागच्या आसनांवर जागा मिळेना, तेव्हा सासऱ्यांनी तिसरी रांग उघडून दिली. गाडी पूर्ण चार्ज होऊनही जागा अडवते, ही आपल्या विभागाची पूर्वीची तक्रार अर्जदारास मान्य आहे. परंतु घरी त्यांना त्या वर्षभरात कोणी हसताना ऐकले नव्हते आणि धक्क्यावर त्यांचे हसणे बंद काचांतून ऐकू येत असे, सबब अर्जदाराने काणाडोळा केला.

आता मूळ घटनेकडे येते.

जानेवारीत एके दिवशी अर्जदार दवाखान्यात डॉक्टरांच्या बाजूला उभी राहून एका गृहस्थांच्या तोंडातील लाळ नळीने ओढून घेण्याचे काम करीत होती. त्या वेळी गाडी धक्क्यावरून निघाल्याचे तिच्या फोनने कळवले. नकाशावर पाहता गाडीचा ठिपका बोगद्यात शिरून डोंगराच्या वाटेला लागलेला होता. सासऱ्यांचा वाहन परवाना वैध आहे, हे येथे मुद्दाम नमूद करते. मात्र तोवर त्यांनी ही गाडी कधी चालवली नव्हती.

फोन लावला असता ते गाडीतून बोलले, "काही काळजी करू नको. ही बाई तेवढी माझं ऐकत नाहीये." बाई म्हणजे गाडीतील आवाज. तो राजधानीकडचा असून त्यास आमच्या खाडीची बोली समजत नाही. सासऱ्यांनी पाथरवटाकडे नेण्यास सांगितले, तर तिने पिझ्झाचे दुकान सुचवले. "जरा तिच्यासारखं बोलून बघा ना, आजोबा," असे अर्जदाराने सुचवले. (मुलींमुळे अर्जदारही त्यांना आजोबाच म्हणते.) त्यावर ते उखडले, "मी का बदलू? कामाला ती इथं आलीय. शिकायचं तर तिनं शिकावं." एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला.

पाथरवट हा शब्द अर्जदाराच्या लक्षात राहिला. सासूबाईंच्या कबरीवर अद्याप लाकडी पाटीच होती. दगडाचा विषय काढला की सासरे "बघू" म्हणून खिडकीबाहेर पाहत. दगड त्यांनी परस्पर फोनवरून सांगून ठेवला होता व तो तयार झाल्याचा निरोप त्या सकाळी आला होता, हे नंतर कळले. ऐविंड परत येईपर्यंत थांबावे, असे त्यांना वाटले नाही.

पाथरवटाने दगड फोर्कलिफ्टने गाडीच्या मागच्या भागात ठेवून दिला. तेथवर सर्व ठीक होते. परतताना वारा सुटला आणि घाटमाथ्यावरील रस्त्याचे फाटक बंद करण्यात आले. वादळात तेथे गाड्या बर्फ काढणाऱ्या यंत्रामागून रांगेने सोडतात, हे आपण जाणताच. सासरे फाटकापाशी थांबून राहिले. आधीच कडाक्याच्या थंडीत चढ चढून आणि दगडाच्या ओझ्याने गाडीची बॅटरी निम्म्याहून खाली आली होती. आता ती नुसत्या उभ्या जागी उतरू लागली. अर्जदार हे पलीकडच्या काठावरून फोनवर पाहत होती. आकडा खाली जाताना बघण्यापलीकडे काही करता येत नाही, ही या महागड्या गाडीची एक सोय आहे.

अशात गाडीतील हीटर बंद झाल्याचे फोनवर दिसले. अर्जदाराने तो फोनवरून सुरू केला. तो बंद झाला. अर्जदाराने पुन्हा सुरू केला. पुन्हा बंद. हा प्रकार बराच वेळ चालला. खुर्चीतील गृहस्थांच्या तोंडात कापूस होता, तरी त्यांनी हातवारे करून चौकशी केली व सर्व समजल्यावर, "आऊ आऊ आखा," असे सांगितले. त्याचा अर्थ 'चालू चालू राखा' असा डॉक्टरांनी लावला आणि स्वतःच अर्जदाराच्या हातातून नळी काढून घेतली.

अर्जदाराने फोन केला. त्या वेळचे बोलणे नोटिशीच्या संदर्भात महत्त्वाचे असल्याने देते.

"आजोबा, हीटर का बंद करताय? बाहेर किती थंडी आहे!"

"चार्ज संपला तर दगड इथंच राहील."

"राहू दे की! दगड आहे तो. तुम्ही गोठाल."

ते म्हणाले, "सिग्नी, वर्षभर मी तिच्या जागेवर उबेत बसलोय. ती तिकडं एका फळीखाली. लोक येतात, वाफल खातात, आणि मी हसतो. आज तिचं नाव मागं ठेवलंय आणि परत मीच उबेत बसू?"

दवाखान्यात सगळे तिच्याकडे पाहत होते. शेवटी ती एवढेच म्हणाली, "आजोबा, आई आत्ता शेजारी असत्या तर त्यांनी काय केलं असतं? आधी हीटर लावला असता, आणि मग तुम्हाला शिव्या घातल्या असत्या."

"लय घातल्या असत्या," सासरे म्हणाले.

त्यानंतर अर्जदाराने हीटर पुन्हा सुरू केला. या वेळी तो बंद झाला नाही. आकडा मात्र उतरत गेला आणि संध्याकाळच्या सुमारास गाडी फोनवर दिसेनाशी झाली. ते सुखरूप असल्याचे कळेपर्यंतचा वेळ अर्जदाराने कसा काढला, याचा खुलासा नोटिशीत मागितलेला नसल्याने देत नाही. बर्फाच्या यंत्रावरील चालक बाईंनी त्यांना आपल्या केबिनमध्ये घेतले होते. दगड सोडून येणार नाही म्हणून ते प्रथम अडून बसले. तेव्हा, "दगड पळून जात नसतो, आजोबा, तुम्ही मात्र जाल," असे बोलून बाईंनी त्यांना दंड धरून बाहेर काढले. नगरपालिकेने सदर चालक बाईंचे नाव शोधून त्यांचा योग्य तो गौरव करावा, ही एक जादा विनंती.

रस्ता उघडल्यावर क्रेनवाले शेटिल यांनी गाडी दगडासह ट्रकवर घातली आणि गावात चार्जिंगची सोय तेथेच असल्याने धक्क्यावर आणून उतरवली. वरच्या आळीच्या चढावर काचेसारखा बर्फ होता. "हे ओझं मागं घेऊन ही गाडी वर चढली तर मी धंदा सोडीन," असे म्हणून त्यांनी क्रेनने दगड बाहेर काढला, शेजारच्या मोकळ्या चार्जिंगच्या जागेत उभा केला आणि घसरलेल्या इतर गाड्या काढायला निघून गेले. ते अद्याप त्याच कामात आहेत. चर्चच्या आवाराची देखभाल करणाऱ्यांकडे विचारणा केली असता, माती गोठलेली असल्याने वसंतापर्यंत दगड बसवता येणार नाही व तोवर तो ठेवण्यास आवारात जागा नाही, असे कळवण्यात आले.

येणेप्रमाणे दगड तेथे आहे. त्याला स्मारकाचे स्वरूप अर्जदाराने दिलेले नाही. दुसऱ्या दिवशी कुणी एक मेणबत्ती लावली. मग बोटीवरून उतरणारे लावू लागले. आता संध्याकाळी तेथे इतक्या मेणबत्त्या असतात की बोटीच्या कप्तानांना धक्का लांबून दिसतो आणि त्यांनी त्याबद्दल समाधान व्यक्त केले आहे. राजधानीकडून आलेल्या एका प्रवाशाने चार्जिंग न करताच गाडी वळवली आणि 'आपल्या गावात चार्ज संपून मेलेल्यांना जागच्या जागी पुरतात काय?' अशी लेखी विचारणा केल्याचे नोटिशीत नमूद आहे. तसे करीत नाहीत, असे त्यांस कळवावे.

आपल्या कार्यालयातून आलेल्या फोनवर, 'त्या जागेत फक्त चार्ज होत असलेली वस्तू उभी करता येते,' असे सांगण्यात आले. नियम योग्यच आहे. दगड चार्ज होत नाही, हे अर्जदार मान्य करते. परंतु तो गाडीतून आलेला असल्याने वसंतापर्यंत त्यास त्या गाडीचे सामान समजावे, अथवा नगरपालिकेने क्रेन व इतरत्र जागा द्यावी. दोन्ही शक्य नसल्यास निदान मेणबत्त्या तरी जप्त करू नयेत.

गाडीबाबत कळवते की, जागा अडवल्याची तक्रार यापुढे येणार नाही. सासरे धक्क्यावर येतात, पण गाडी चार्ज होताच ती बाजूला लावतात व तीत बसत नाहीत. दगडाशेजारी खुर्ची टाकून बाहेर बसतात. कॉफीचे थर्मास तिकडेच गेले आहेत.

शेवटी, नोटिशीतील एक चूक निदर्शनास आणणे भाग आहे. तीत 'दोन मृत व्यक्तींचे स्मारक' असे म्हटले आहे. दगडावर दोन नावे आहेत, हे खरे. दगड क्रेनने उतरला तेव्हाच अर्जदारास ते दिसले. वर बोर्गहिल, खाली ओडमुंड. ओडमुंड यांच्या जन्माचे साल कोरलेले असून पुढची जागा कोरी आहे. अर्जदाराने विचारले, "आजोबा, हे काय?" त्यावर ते म्हणाले, "दोनदा कशाला आणायचा? तुझ्या गाडीला एका दगडापुरताच पल्ला आहे."

तरी नोटिशीत 'दोन' ऐवजी 'एक' अशी दुरुस्ती व्हावी. दुसरी व्यक्ती हयात आहे व सध्या अर्जदाराच्या मागे उभी राहून, "लिहून झालं का? बोट सुटेल," अशी घाई करीत आहे.

उत्तराच्या व वसंताच्या प्रतीक्षेत,
आपली,
सिग्नी ब्रेक्के

ग्रोटविक, दि. १२ फेब्रुवारी

सोबत: दगडाशेजारी उभ्या असलेल्या श्री. ओडमुंड ब्रेक्के यांचे आजचे छायाचित्र, हयातीच्या दाखल्यादाखल.